पत्र्याने मऊ कधी व्हावे?

बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे. १९९९ पासून तिथे आपे ही तीनचाकी बनते आणि २०१२ पासून व्हेस्पा स्कूटर. १९४६ साली इटलीत व्हेस्पा पहिल्यांदा बाजारात आली. तिची रचना करणारा कोरादिनो दास्कानियो मूळचा विमानांचा अभियंता. त्याने स्कूटरला नळ्यांचा सांगाडा दिलाच नाही. पत्र्याचे वळणदार अंग हाच तिचा सांगाडा. पुढची ढाल, पाय ठेवायची जागा, मागचे फुगीर गाल हे सगळे सपाट पत्र्यातून दाबून काढायचे आणि एकमेकांना जोडायचे. आजही व्हेस्पाचा तोच गुण सांगितला जातो. असा पत्रा दाबताना तापवत नाहीत. प्रेसखाली जाणारा तुकडा हाताला लागतो तेवढाच गार असतो.

त्याच बारामतीत भारत फोर्जचा कारखाना आहे. तिथे पोलादाचा ठोकळा भट्टीतून पिवळाधमक होऊन बाहेर येतो आणि मग त्याला आकार मिळतो. पूर्वीच्या आयएसएमटीचा नळ्यांचा कारखानाही बारामतीतच आहे. त्यांचे पोलाद शेजारच्या पुरंदर तालुक्यात, खंडोबाच्या जेजुरीला ओतले जाते आणि बारामतीला त्याची सांधा नसलेली नळी होते. तापलेला भरीव दांडा तिरक्या फिरत्या रुळांमध्ये दाबत न्यायचा आणि मधोमध टोकदार खिळा उभा करायचा, म्हणजे दांडा आपणहून पोकळ होत जातो. जर्मनीतल्या मानेसमान बंधूंनी १८८५ साली पेटंट घेतलेली ही युक्ती आजही पाहणाऱ्याला जादू वाटते.

बारामतीहून इंदापूर तालुक्याच्या बाजूला निघालो की तासाभरात वालचंदनगर येते. शेठ वालचंद हिराचंद यांनी नीरेकाठच्या कळंब गावच्या शिवारात ऊस लावला, साखर कारखाना काढला, आणि साखर कारखान्यांची यंत्रे बनवता बनवता तिथे जड यंत्रांचा मोठा कारखाना उभा राहिला. त्याच कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांची पोलादी कवचे बनतात. हे पोलाद भारत फोर्जच्या ठोकळ्यापेक्षा किंवा व्हेस्पाच्या पत्र्यापेक्षा कितीतरी ताकदवान. तरीही त्याला वळवताना लाल करत नाहीत. गारच वळवतात. मग ताकद कुठून येते, ते पुढे पाहू.

म्हणजे एकाच टापूत पोलादाला आकार देण्याच्या तीन तऱ्हा नांदतात. तिन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. पोलादाने वस्तू झाल्यावर मजबूत असावे आणि वस्तू होईपर्यंत मऊ असावे, ही परस्परविरोधी मागणी कशी भागवायची? तापमान हे त्याचे सर्वांत जुने उत्तर आहे. पण ते वाटते तितके सरळ नाही. ‘तापवले की मऊ होते’ हे वाक्य निम्मेच खरे आहे.

आधी ताकदीचे माप घेऊ. साध्या, खोल दाबता येणाऱ्या पत्र्याची एक मिलिमीटर बाय एक मिलिमीटरची काडी कापली आणि तिला वजन लटकवले, तर तीस-पस्तीस किलोला ती तुटेल. कारखान्याच्या भाषेत हे तीनशे-साडेतीनशे मेगापास्कल. तुटण्याआधी ही काडी आपल्या लांबीच्या पस्तीस-चाळीस टक्के ताणली जाते. खोल वाटीसारखा भाग दाबायला लागते ती हीच ताणण्याची तयारी. आता ‘ड्युअल फेज’ जातीचे ९८० मेगापास्कलचे पोलाद घ्या. मऊ दाण्यांमध्ये कठीण दाणे पेरलेली ही जात मोटारीच्या सांगाड्यात सर्रास वापरली जाते. तिची तेवढीच काडी शंभर किलोला तुटेल, पण तुटण्याआधी जेमतेम दहा-बारा टक्के ताणली जाईल. ताकद तिप्पट झाली आणि ताण सोसण्याची ऐपत तिसऱ्या हिश्श्यावर आली.

मोटार कंपन्यांना असे पोलाद हवे असते, कारण ताकद तिप्पट म्हणजे पत्रा पातळ चालतो आणि गाडी हलकी होते. धडकेत माणूस वाचावा म्हणून दाराजवळचा खांब वाकू नये, हे दुसरे कारण. भारतात २०२३ पासून गाड्यांना धडक-चाचणीचे तारे द्यायला सुरुवात झाली, तेव्हापासून गिऱ्हाईकही याची चौकशी करू लागले आहे.

प्रेसखाली पत्रा तीन तऱ्हांनी दगा देतो: फाटतो, सुरकुततो किंवा उलटा फिरतो. फाटणे कधी होईल याचा अंदाज बांधायला पत्र्यावर लहान लहान वर्तुळांची जाळी छापतात. प्रेस मारला की वर्तुळांची लंबवर्तुळे होतात. त्यांची लांबी-रुंदी मोजली की पत्रा कोणत्या जागी किती आणि कोणत्या दिशेला ताणला गेला ते कळते. १९६० च्या दशकात कीलर आणि गुडविन या दोन अमेरिकी अभियंत्यांनी अशा मापांवरून एक आलेख घडवला. रेषेखाली राहिलात तर पत्रा वाचेल, वर गेलात तर फाटेल. प्रेसच्या दुनियेत आजही त्या आलेखाचेच राज्य चालते. ताकद वाढत जाते तशी ही रेषा खाली सरकते.

सुरकुती डायच्या, म्हणजे साच्याच्या, दाबाने आवरता येते. तिच्यावर फार थांबायला नको.

उलटे फिरणे मात्र नाठाळ आहे. शॉप-फ्लोअरवर त्याला स्प्रिंगबॅक म्हणतात. पत्रा नव्वद अंशांत वाकवला आणि प्रेस वर गेला की तो थोडा उघडतो. किती उघडेल हे पोलादाच्या ताकदीवर ठरते. पोलाद साधे असो वा ताकदवान, त्याचा ताठरपणा जवळपास सारखाच असतो, हे पुष्कळांना माहीत नसते. लवचिक अवस्थेत दोन्ही सारखेच ताणतात. फरक पडतो तो लवचिक हद्द कुठे संपते त्यात. दोनशे मेगापास्कलला शरण येणारा पत्रा हजारातला एक भाग ताणल्यावर कायमचा वाकतो. हजार मेगापास्कलवाला हजारातले पाच भाग ताणेपर्यंत वाकायला तयार नसतो. सोडल्यावर तो तेवढाच परतही येतो, म्हणजे पाचपट. डाय कापणारा कारागीर मग अंदाजाने जास्तीचा कोन ठेवतो. पुढच्या लॉटचा पत्रा किंचित वेगळा निघाला की त्याचा अंदाज चुकतो. ताकदवान पत्र्याच्या डाया महाग पडतात त्यामागे ही डोकेदुखी मोठी आहे.

मग तापवूया की, असे कुणीही म्हणेल.

तापवू, पण किती? इथे पोलाद पहिला चकवा देते. घासलेला पत्रा हवेत तापवला की त्याचा रंग बदलतो. सव्वादोनशे अंशांना गवती पिवळा, पुढे जांभळा, तीनशेच्या आसपास निळा. ही झाक वरच्या पातळ ऑक्साइडच्या थराची असते. याच निळ्या टप्प्यात, ढोबळ दोनशे ते साडेतीनशे अंशांमध्ये, साधे कार्बन पोलाद मऊ होण्याऐवजी उलट ताठ होते आणि कमी ताणते. धातुशास्त्रात याला निळा ठिसूळपणा म्हणतात. गावोगाव पाल ठोकून ऊसतोडीचे कोयते घडवणाऱ्या घिसाड्याला पुस्तक न वाचता हे ठाऊक असते. तांबडे असेपर्यंतच तो घण मारतो. रंग उतरला की तुकडा पुन्हा भट्टीत सारतो.

असे का होते, ते समजण्यासारखे आहे. पोलाद वाकते तेव्हा अणूंच्या रांगांतल्या खोटी, म्हणजे डिसलोकेशन, आतून सरकत असतात. खोट मोकळेपणी सरकली की धातू मऊ, अडली की कडक. पोलादात कार्बन आणि नायट्रोजनचे बारके अणू लोखंडाच्या मोठ्या अणूंच्या फटींत बसलेले असतात. थंडीत ते जागचे हलत नाहीत. खोट त्यांच्यापासून सुटली की सुटली. फार उष्णतेत ते इतके चपळ होतात की खोटीबरोबर फरपटत जातात आणि अडथळा राहत नाही. मधल्या तापमानात मात्र त्यांचा वेग खोटीच्या वेगाशी नेमका जुळतो. खोट थोडी सरकली की ते पुन्हा तिला गाठतात आणि धरून ठेवतात. दर वेळी तिला सोडवून घ्यायला जास्त जोर लागतो.

हाच पाठलाग आकार देऊन झाल्यावर घडवला तर फायद्याचा ठरतो. गाडीचे बाहेरचे पत्रे रंगवून रंगाच्या भट्टीत साधारण एकशे सत्तर अंशांना वीसेक मिनिटे ठेवतात. त्यासाठी खास बनवलेल्या पत्र्यात एवढ्या वेळात कार्बन खोटींपर्यंत पोचतो, त्यांना धरतो, आणि बोटाने दाबून खळगा पडावा असा पत्रा थोडा ताठ होतो. रंग तर वाळवायचाच असतो, त्यामुळे ही ताकद फुकटात पडते. दाबण्याआधी शाप असलेली गोष्ट दाबल्यानंतर वरदान ठरते. पुढे वालचंदनगरला हाच क्रम फार मोठ्या प्रमाणावर भेटेल.

याउलट काही पोलादांना नुसती ऊब पुरते. बारामती-इंदापूरच्या दुधाच्या धंद्यात स्टेनलेस स्टीलची भांडी आणि टाक्या पाहाव्या तिथे दिसतात. त्यांची नेहमीची जात ३०४. ती गार दाबताना तिच्यातला काही भाग ताणामुळेच मार्टेन्साइट नावाच्या कठीण रचनेत बदलतो. तळाशी, पंचच्या म्हणजे पत्रा आत ढकलणाऱ्या भागाच्या कोपऱ्यावर हा बदल हवाच असतो, कारण तिथला पत्रा बारीक होऊन फाटू पाहतो आणि कठीण झाला की टिकतो. काठाला मात्र तो नको असतो. काठाने मऊपणे आत सरकत यायचे असते. मग काठाच्या बाजूची डाय शंभर अंशांच्या आसपास तापवतात आणि मधला पंच गार पाण्याने थंड ठेवतात. उबेत मार्टेन्साइट बनत नाही, त्यामुळे काठ सरकतो, आणि गार तळ ताकद धरतो. एका फटक्यात पहिल्यापेक्षा खोल भांडे निघते. ‘ट्रिप’ जातीच्या मोटारी पत्र्यांमागेही हेच तत्त्व आहे. त्यांनाही थोडी ऊब मानवते, तर कडाक्याच्या गारव्यात त्यांच्यातला बदल लवकर उरकतो आणि ऐन गरजेच्या वेळी हाताशी काही उरत नाही. भट्टीच्या आकड्यांची सवय झालेल्यांना शंभर अंशांचा फरक किरकोळ वाटतो. इथे तोच निर्णायक ठरतो.

ड्युअल फेज पत्रा निळा टप्पा ओलांडून चारशे ते सहाशे अंशांपर्यंत नेला तर तो खरोखर मऊ पडतो. प्रेसला जोर कमी लागतो, स्प्रिंगबॅकही घटतो. तोटा असा, की ज्या कठीण दाण्यांसाठी जास्त पैसे मोजले तेच दाणे या तापमानाला नरम होतात आणि थंड झाल्यावर परत येत नाहीत. गंज लागू नये म्हणून वर जस्ताचा थर असेल तर तो चारशे वीस अंशांना वितळतो आणि ताणलेल्या पोलादाच्या दाण्यांमध्ये शिरून त्याला चिरतो. या मधल्या वाटेवर जगभर बरेच संशोधन झाले आहे. तरी प्रत्यक्ष कारखान्यांत ती रुळलेली नाही, आणि ते योग्यच आहे असे मला वाटते. खर्च तापवण्याचा करायचा आणि हाती निम्मी ताकद घ्यायची, हा सौदा कोण करील?

म्हणून मोटारवाल्यांनी सरळ घिसाड्याची वाट धरली. तांबडे करा, आकार द्या, पाणी पाजा. स्वीडनमधल्या प्लानिया या कंपनीने १९७७ साली पत्र्यासाठी याचे पेटंट घेतले. ती कंपनी करवतीची पाती आणि गवतकापणीच्या यंत्राची पाती बनवत असे. १९८४ साली साब या मोटार कंपनीने ९००० नावाच्या गाडीत हे तंत्र वापरले. सुरुवात सावकाश झाली. १९८७ साली जगभरात असे सुमारे तीस लाख भाग बनले. १९९७ साली ऐंशी लाख झाले, तर २००७ साली दहा कोटी सत्तर लाख. आज पुण्याजवळ चाकणच्या पट्ट्यातही अशा भट्ट्या आणि प्रेस चालतात.

यासाठी लागणारे पोलाद अगदी साधे असते. त्यात शेकडा ०.२२ कार्बन, सव्वा टक्का मँगनीज आणि चिमूटभर बोरॉन असतो. बोरॉन लाखात दोन ते पाच भागच, पण गार होताना मऊ दाणे बनण्याची घाई तो रोखून धरतो. कारखान्यात पत्रा येतो तेव्हा त्याची ताकद पाचशे-सहाशे मेगापास्कल असते. भट्टीत तो नऊशे ते साडेनऊशे अंशांना चार-सहा मिनिटे राहतो आणि आतली सगळी रचना बदलून ऑस्टेनाइट नावाची होते. मग रोबोट तो उचलून काही सेकंदांत प्रेसमध्ये ठेवतो. तेव्हा पत्र्याची ताकद दीडशे-दोनशे मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे साध्या गार पत्र्याहून कमी असते. प्रेस मिटतो आणि मिटलेलाच राहतो. डायच्या पोटात पाण्याच्या वाहिन्या असतात. त्या दर सेकंदाला तीसहून अधिक अंश वेगाने उष्णता ओढून घेतात. पाच-दहा सेकंदांनी डाय उघडते तेव्हा आतला भाग मार्टेन्साइटचा झालेला असतो आणि ताकद दीड हजार मेगापास्कलवर गेलेली असते. त्या एका चौरस मिलिमीटरच्या काडीला आता दीडशे किलो लटकतील. स्प्रिंगबॅक जवळपास नसतो, कारण वाकवताना पत्र्यात ताण फारच थोडा होता आणि ताकद आली तेव्हा तो डायच्या मुठीत होता. संक्रांतीची चिक्की लाटणाऱ्या बाईला यात नवे काहीच वाटणार नाही. पाक ताटात पडला की हात चालवायचा, वड्या पाडायच्या. एकदा थंड झाली की चिक्की मोडेल, वाकणार नाही.

पण इथेही ‘जितके गरम तितके सोपे’ हा नियम चालत नाही. पातळ पत्रा भट्टीबाहेर येताच सुटलेल्या घोड्यासारखा गार होऊ लागतो, असे लिहिण्याचा मोह होतो. हिशेबच मांडावा हे बरे. दीड मिलिमीटरचा तांबडा पत्रा दोन्ही अंगांनी उष्णता फेकतो आणि त्याच्या पोटात साठा फारच थोडा. उघड्या हवेत तो सेकंदाला साधारण वीस अंश गमावतो. भारत फोर्जमधल्या शंभर मिलिमीटर जाड ठोकळ्याला तेवढ्याच वेळात जेमतेम एखादा अंश गमावावा लागतो. म्हणून ठोकळ्याला बाराशे अंशांवर निवांत कुटता येते, सांधेविरहित नळी काढतानाही दांड्याची उष्णता पुरते. पत्र्याला तेवढी सवड मिळत नाही. शिवाय डाय मिटताना पत्र्याचा जो भाग तिला आधी टेकतो तो आधी गार आणि आधी ताठ होतो. न टेकलेला भाग गरम आणि मऊ राहतो, आणि पुढचा सगळा ताण त्याच्याच वाट्याला येतो. तो तिथे बारीक होतो, कधी फाटतो. म्हणून तांबड्या पत्र्यात सरासरी तापमानापेक्षा तापमानाची समानता जास्त महत्त्वाची. प्रेस वेगाने मिटवावा लागतो तो याच भीतीने. हवेत काळी खपली धरू नये म्हणून पत्र्यावर ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा थर द्यावा लागतो. झालेला भाग इतका कठीण की कडा कापायला लेझर लागतो. एवढी मोठी भट्टी सतत पेटती ठेवायची म्हणजे विजेचे किंवा गॅसचे बिलही तसेच. स्कूटरच्या पुढच्या ढालीसाठी एवढा खटाटोप करण्यात काही शहाणपण नाही. व्हेस्पाचा पत्रा गार दाबतात तो कंजूषपणाने नव्हे. त्या कामाला तेच योग्य.

आता वालचंदनगर. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा घन इंधनाचा. आजच्या रूपात त्यात जवळपास १३९ टन इंधन मावते. त्याचे कवच २.८ मीटर व्यासाचे असते, पाच खंडांत बनवून जोडलेले. जळताना आतला दाब प्रचंड आणि कवच जड असून चालत नाही, म्हणून त्याला मॅरेजिंग जातीचे पोलाद वापरतात. हैदराबादची मिश्र धातु निगम, म्हणजे मिधानी, ते बनवते. २००८ च्या ऑक्टोबरात चांद्रयान-१ आणि २०१३ च्या नोव्हेंबरात मंगळयान गेले ते पीएसएलव्हीवरूनच. २०२३ च्या जुलैत चांद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ च्या दोन बाजूंचे बूस्टर त्याहून मोठे, ३.२ मीटर व्यासाचे. त्यांच्या कवचांचे खंडही वालचंदनगरला बनले.

एवढे मोठे नळकांडे तांबडे करून डायमध्ये पाणी पाजणे अशक्य आहे. पाण्यात बुडवले तर ते वेडेवाकडे होईल. वेल्डिंगच्या सांध्यांचा प्रश्न वेगळाच. मॅरेजिंग पोलादाची किमया अशी की ते मुळात वेगळ्या वाटेने कठीण होते. त्यात कार्बन जवळजवळ नसतोच, शेकडा ०.०३ हून कमी. निकेल अठरा टक्के, कोबाल्ट आठ, मॉलिब्डेनम पाच, आणि थोडे टायटॅनियम. अमेरिकेत इंटरनॅशनल निकेल कंपनीने १९६० च्या सुमारास ही जात तयार केली. ती सव्वाआठशे अंशांना तापवून नुसती हवेत गार केली तरी तिचे मार्टेन्साइट होते. पण कार्बन नसल्यामुळे ते मार्टेन्साइट मऊ असते, सातशे मेगापास्कलच्या आसपास वाकायला तयार. या अवस्थेत पत्रा रुळांमध्ये गार वळवतात आणि वेल्ड करतात. मग तयार खंड भट्टीत चारशे ऐंशी अंशांना काही तास ठेवतात. आत निकेल, मॉलिब्डेनम आणि टायटॅनियमचे अणू एकत्र येऊन अतिसूक्ष्म कण बनवतात, खोटी त्यांना अडकून पडतात आणि ताकद सतराशे मेगापास्कलवर जाते. पाणी नाही, झटका नाही. आकार फार तर हजारात एखाद्या भागाने आक्रसतो, आणि तोही सगळीकडे सारखा. वेल्डही सोबतच कठीण होतो.

गार वळवणे म्हणजे सोपे, असे मात्र समजू नका. कागदावर साधा हिशेब करून पाहा. आठ मिलिमीटरचा पत्रा २.८ मीटर व्यासात वाकवला तर त्याच्या बाहेरच्या अंगाला हजारातले तीन भागही ताण येत नाही. मऊ मॅरेजिंग पोलादाची लवचिक हद्द हजारातले जवळपास चार भाग आहे. म्हणजे हव्या त्या व्यासाला वाकवून सोडला तर पत्रा पुन्हा सपाट! तो २.८ मीटरवर थांबावा यासाठी रुळांमध्ये त्याला साधारण एक मीटर व्यासाइतका घट्ट वाकवावा लागतो आणि मग उघडू द्यावा लागतो. पूर्ण कठीण झालेल्या पत्र्याची हद्द हजारातले नऊ भाग. त्याला त्याच व्यासावर आणायचे तर अर्ध्या मीटरपर्यंत वाकवावा लागेल, जोर दुपटीहून जास्त लागेल, आणि जाडीतला किंवा ताकदीतला किंचितसा फरकही व्यास बिघडवून टाकेल. आधी वळवून मग भट्टीत घालण्याचा क्रम का पाळतात ते या आकड्यांतून दिसते.

हे सगळ्या गाड्यांना का वापरत नाहीत, असा प्रश्न येईलच. निकेल आणि कोबाल्टच्या किमती पाहिल्या की तो मिटतो. शिवाय हे पोलाद क्षेपणास्त्रांना आणि युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांनाही लागते, त्यामुळे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधने आहेत. ते देशात बनते म्हणून वालचंदनगरला वळवता येते.

शेवटी गाडी बाळगणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. पुणे-सोलापूर महामार्ग भिगवण आणि इंदापूरवरून जातो, आणि त्याच्या कडेला डेंटिंगची गॅरेजे पुष्कळ आहेत. जुन्या गाड्यांचा पिचलेला पत्रा गॅसच्या ज्योतीने लाल करून ठोकून सरळ करण्यात तिथल्या कारागिरांचा हात बसलेला आहे. साध्या पत्र्याला ते चालून जाते. पण नव्या गाडीच्या दाराजवळचा खांब, दारातली आडवी पट्टी किंवा खालची पट्टी तांबड्या-पत्र्याच्या तंत्राने बनलेली असू शकते. ज्योत लावून ती हवेत गार झाली की दीड हजारांचे पोलाद परत पाचशे-सहाशेवर येते. वरून रंग दिला की काहीच दिसत नाही. खांब सरळ, गाडी देखणी, आणि पुढच्या धडकेला त्या जागी साधा पत्रा. गाडी कंपन्यांची दुरुस्तीची पुस्तके अशा भागांना आच लावायला मनाई करतात आणि भाग बदलायला सांगतात. तेव्हा अपघातानंतर गॅरेजवाल्याला आधी विचारा, की हा भाग कुठल्या पोलादाचा आहे. उत्तर मिळाले नाही तर ज्योत पेटू देऊ नका. नवा भाग घाला आणि तो बिलात लिहून घ्या.